स्टिअरिंग जड, सैल की ओढतंय? माणदेशी रस्त्यांवरच्या गाडीवाल्यांसाठी

शनिवारच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारासाठी आटपाडीत पहाटेपासून गाड्या यायला लागतात. दिघंचीकडून, खरसुंडीकडून, करगणीकडून पिकअप येतात, छोटे हत्ती येतात, वडापच्या जीपा येतात. डाळिंबाच्या हंगामात क्रेट भरलेल्या गाड्यांची त्यात भर पडते. टेंभू योजनेचं पाणी तालुक्यात आल्यापासून उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरही वाढले आहेत. एवढा सगळा भार, त्यातली माणसं आणि मुकी जनावरं ज्याच्या आधाराने रस्त्यावर राहतात, ते स्टिअरिंग. गाडीवाला ऑइल बघतो, बॅटरी बघतो, मायलेज तर रोजच मोजतो. स्टिअरिंगकडे मात्र बहुतेकांचं लक्ष ते पूर्ण बिघडल्यावरच जातं.

स्टिअरिंग एकाएकी क्वचितच दगा देतं. निकामी होण्याआधी ते बरेच दिवस जड होतं, सैल होतं, गाडी एका अंगाला ओढते किंवा हाताला थरथर जाणवते. या खुणा ओळखता आल्या तर मोठा खर्च वाचतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अपघात टळतो. त्यासाठी मिस्त्री असण्याची गरज नाही. स्टिअरिंग चालतं कसं हे एकदा समजून घ्यावं आणि महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं गाडीला द्यावीत.

हातापासून चाकापर्यंत

हातातल्या गोल चाकाखाली एक लांब दांडा असतो. त्याला स्टिअरिंग कॉलम म्हणतात. हा दांडा सांध्यांमधून वाकत खाली स्टिअरिंगच्या गिअरपर्यंत जातो. आजच्या बहुतेक मोटारींत तिथे रॅक-पिनियन असतं. पिनियन म्हणजे दांड्याच्या टोकाचं लहान दातेरी चाक, आणि रॅक म्हणजे त्याच्याखाली आडवी बसवलेली दातेरी पट्टी. पिनियन फिरलं की पट्टी डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. ट्रक, बस आणि जुन्या जीपमध्ये त्याऐवजी स्टिअरिंग बॉक्स असतो. त्यात एक स्क्रू आणि त्यावर एक नट असतो, आणि दोघांच्या आट्यांमधून पोलादी गोळ्या फिरतात. खड्ड्यांचे दणके सोसायला आणि जड भार वळवायला ही रचना चांगली. बॉक्समधून बाहेर येतो तो पिटमन आर्म, आणि त्याला जोडलेली असते ड्रॅग लिंक.

गिअर कोणताही असला तरी शेवटचं काम टाय रॉड करतात. टाय रॉडच्या टोकांना बॉल जॉइंट असतात, ज्यांना आपले मिस्त्री नुसतं ‘एंड’ म्हणतात. चाक वरखाली उडत असताना त्याला वळवायचंही असतं, म्हणून हा सांधा सगळ्या बाजूंनी हलणारा लागतो. आत ग्रीस असतं आणि वर रबरी टोपी असते. मुरमाच्या रस्त्यावरची बारीक धूळ आत जाऊ नये म्हणून ती टोपी. ती फाटली की धूळ ग्रीसमध्ये मिसळते आणि सांधा आतून घासायला लागतो. माणदेशातल्या कोरड्या, धुळीच्या वाटांवर हे फार लवकर होतं. म्हणून स्टिअरिंगमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता, असं विचारलं तर उत्तर ही रबरी टोपी हेच.

गिअर लागतो कशाला, हे एका हिशोबाने कळेल. एखाद्या मोटारीचं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन फेरे फिरतं असं धरू. म्हणजे १२६० अंश झाले. तेवढ्यात पुढचं चाक सगळं मिळून सुमारे ७० अंश वळतं. हाताचे १८ अंश तेव्हा चाकाचा १ अंश, असं हे प्रमाण. हात जास्त फिरवावा लागतो, पण ताकद त्या मानाने कमी लागते. ट्रक आणि बसमध्ये हे प्रमाण आणखी मोठं असतं. एसटीचं स्टिअरिंगही आकाराने मोठं असतं, कारण कडा मध्यापासून जितकी लांब तितका कमी जोर पुरतो. रिक्षाला पुढे एकच हलकं चाक, म्हणून तिचं काम सरळ हँडलवर भागतं.

वळताना दोन चाकं सारखी का वळत नाहीत

बैलगाडीला दोनच चाकं असतात. कासरा ओढला की बैल वळतात आणि गाडी त्यांच्यामागे वळते, वेगळी यंत्रणा लागत नाही. अडचण चार चाकांच्या गाडीपासून सुरू होते. युरोपातल्या जुन्या घोडागाड्यांमध्ये पुढचा अख्खा आसच मधल्या खिळ्यावर फिरायचा, आणि वळणावर गाडी उलटण्याचा धोका असायचा. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्श्पेर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिराने १८१७ साली यावर उपाय काढला. त्याने आस स्थिर ठेवला आणि दोन्ही चाकं आपापल्या खिळ्यावर वळवली. त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये लंडनला पेटंट घेतलं, आणि आजही ही रचना आकरमान यांच्याच नावाने ओळखली जाते.

तिचं मर्म असं की वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. पुढच्या-मागच्या आसांत अडीच मीटर आणि डाव्या-उजव्या चाकांत १.४ मीटर अंतर असलेली मोटार पाच मीटर त्रिज्येच्या वळणावर घातली, तर आतलं चाक सुमारे ३० अंश आणि बाहेरचं सुमारे २४ अंश वळावं लागतं. दोन्ही सारखीच वळवली तर एक टायर रस्त्यावर घासत जाईल. टाय रॉड आणि चाकाजवळचे आर्म ठरावीक कोनात बसवलेले असतात ते या फरकासाठी. टाय रॉड किंचित जरी वाकला तरी हा मेळ बिघडतो आणि नवा टायर काही महिन्यांत झिजतो.

सुरुवातीच्या मोटारींना वळवण्यासाठी नुसता दांडा असायचा. पॅरिस ते रुआँ या १८९४ च्या शर्यतीत आल्फ्रेड वाशेराँ यांनी आपल्या पानार मोटारीला दांड्याऐवजी गोल चाक लावलं. पुढे वेग वाढला तसा दांडा मागे पडला आणि चाक कायमचं झालं.

वळण संपल्यावर हात सैल सोडला की स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. सायकलची पुढची फोर्क जशी तिरकी असते, तसा मोटारीच्या चाकाचा वळण्याचा आसही थोडा मागे झुकलेला असतो. या झुकावामुळे चाक नेहमी सरळ रेषेत यायला बघतं. वळणानंतर स्टिअरिंग परत येत नसेल तर एखादा सांधा कोरडा पडला आहे किंवा कोन बिघडला आहे, असं समजावं.

पॉवर स्टिअरिंगची ताकद आणि मर्यादा

अमेरिकेतल्या फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ साली मोटारीवर पॉवर स्टिअरिंग चालवून दाखवलं. विक्रीच्या मोटारीत ते १९५१ मध्ये क्रायस्लरने आणलं. आज आपल्याकडे ते दोन प्रकारचं दिसतं. एक तेलावर चालणारं. त्यात इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो आणि त्याच्या दाबाने चाकं वळवायला मदत होते. दुसरं विजेवर चालणारं. हातातला जोर सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर मदत करते. यात तेल नसतं, पट्टा नसतो, आणि वीजही मुख्यतः वळवतानाच खर्च होते.

दोन्ही प्रकारांत ही यंत्रणा फक्त मदतीला असते. ती बंद पडली तरी हाताचा आणि चाकाचा लोखंडी जोड कायम राहतो. गाडी वळते, फक्त जोर फार लागतो. हे माहीत नसलेला माणूस स्टिअरिंग अचानक जड झालं की लॉक झालं समजून घाबरतो आणि हात सोडतो. असं झालं तर दोन्ही हातांनी घट्ट धरा, जोर लावून वळवा, वेग कमी करत गाडी कडेला घ्या.

उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करण्याची सवय म्हणूनच जिवावर बेतते. इंजिन बंद झालं की तेलाच्या पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, आणि ब्रेकचा बूस्टरही दोन-तीन दाबांनंतर साथ सोडतो. त्यात कुणी चावी काढली तर स्टिअरिंगचं कुलूप बसतं आणि गाडी वळतच नाही. भिवघाटातून उतरताना इंजिन चालू आणि गाडी गिअरमध्ये, हा नियम कधीही मोडू नका.

चार खुणा आणि त्यांची कारणं

*जड होणं.* सगळ्यात आधी पुढच्या टायरांची हवा बघा. हवा कमी असली की टायर जमिनीला जास्त चिकटतो आणि स्टिअरिंग जड होतं. हवा बरोबर असेल तर तेलाची पातळी बघा. पंपाचा पट्टा सैल झाला असेल तर वळवताना किरकिर ऐकू येते. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर स्टिअरिंग एकदम जड झालं, तर पट्टा भिजून घसरत असण्याची शक्यता मोठी. विजेच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये बिघाड झाला की डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या चित्राचा दिवा लागतो. कमजोर बॅटरीमुळेही तो लागू शकतो. तेल भरताना गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच भरा. ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नका, त्याने आतले रबरी सील खराब होतात.

*सैल होणं.* स्टिअरिंग थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही, त्या मोकळ्या हालचालीला ‘प्ले’ म्हणतात. थोडा प्ले प्रत्येक गाडीला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९८ प्रमाणे तो ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर ३० अंश म्हणजे सुमारे साडेदहा सेंटिमीटर. ही कायद्याने दिलेली शेवटची हद्द आहे, एवढं होईपर्यंत थांबायचं नसतं. रॅक-पिनियनच्या मोटारीत कडेवर दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे प्ले गेला की गाडी मिस्त्रीला दाखवा. कारण बहुतेक वेळा झिजलेला एंड असतो. नाहीतर कॉलमचा सांधा, स्टिअरिंग बॉक्स किंवा जुन्या गाडीत किंग पिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो खिळा.

*ओढणं.* सरळ रस्त्यावर हात हलके केले की गाडी एका बाजूला जाते. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून आपले रस्ते मधून कडेकडे उतरते असतात. त्यामुळे गाडी डावीकडे किंचित झुकणं साहजिक आहे. त्याहून जास्त ओढत असेल तर पुन्हा आधी हवाच बघा. आपल्या भागात बाभळीचा काटा टायरात अडकून राहतो आणि हवा हळूहळू जाते. रोज त्याच बाजूचा टायर बसलेला दिसला की काटा शोधा. हवा ठीक असून ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघता येतात, फक्त टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण नसावा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा, तशीच राहिली तर अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या कोनांच्या जुळणीचा. ब्रेक मारल्यावरच गाडी ओढत असेल तर स्टिअरिंगला हात लावण्याआधी ब्रेक तपासा.

*थरथरणं.* ठरावीक वेगाला, बहुधा ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या आसपास किंवा त्यापुढे, स्टिअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं. ही खूण चाकाच्या बॅलन्सिंगची किंवा वाकलेल्या रिमची. ब्रेक मारतानाच थरथर होत असेल तर ब्रेकची डिस्क वाकडी झालेली असते. जुन्या जीपमध्ये एखाद्या खड्ड्यानंतर दोन्ही पुढची चाकं जोरात डावी-उजवी फडफडायला लागतात. त्यात किंग पिन आणि एंड झिजलेले निघतात. अशी गाडी त्याच दिवशी दुरुस्तीला न्या. विटा-आटपाडी भागातली गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली मंडळी दूरच्या राज्यांतून रात्रभर गाडी चालवत यात्रेला गावी येतात. गावातल्या वेगाला न कळणारी थरथर महामार्गावर उघडी पडते. निघण्याआधी बॅलन्सिंग करून घेतलं तर हातही अवघडत नाहीत आणि टायरही टिकतो.

महिन्यातून एकदा घरच्या घरी

गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा. सकाळी, गाडी फिरलेली नसताना हवा तपासा. चालवून तापलेल्या टायरातली हवा वाढलेली दिसते. ती वाढ तात्पुरती असल्याने उन्हाळ्यात तापल्या टायरातली हवा काढू नका. किती हवा हवी ते दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. भरल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा असतो, तो वेगळा पाठ ठेवा.

मग चाकं सरळ करा आणि स्टिअरिंगच्या कडेवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. तेलाचं पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. एकाने स्टिअरिंग हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवावं आणि दुसऱ्याने बाहेरून पुढचं चाक बघावं. चाक हलायला लागेपर्यंत पट्टी किती सरकली, तो तुमचा प्ले. महिन्यागणिक वहीत लिहून ठेवा. आकड्यापेक्षा तो वाढतोय का, हे जास्त महत्त्वाचं आहे.

त्यानंतर जॅकवर एकेक पुढचं चाक उचला. टायर डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा. खटखट लागली तर एंड सैल. मग वरून-खालून धरून हलवा. त्यात खटखट असेल तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंग पिन. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका, खाली पक्का स्टँड हवाच. पुढची चाकं पूर्ण वळवली की बहुतेक रबरी टोप्या बाहेरूनच दिसतात. फाटलेली टोपी, गळालेलं ग्रीस किंवा तेलाचा ओला डाग दिसला की टिपून ठेवा.

ट्रॅक्टर, ट्रक आणि जुन्या जीपच्या सांध्यांना ग्रीसची निप्पल असतात. निप्पल पुसून घ्या आणि जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. निप्पल पुसली नाही तर बाहेरची धूळ आपणच आत ढकलतो. नव्या मोटारींतले सांधे बहुधा बंद असतात, त्यांना ग्रीस लागत नाही.

गॅरेजमध्ये काय मागायचं, काय नाकारायचं

वाकलेला टाय रॉड किंवा ड्रॅग लिंक तापवून सरळ करू देऊ नका, तुटलेला असेल तर वेल्डिंग करू देऊ नका. तापवलेल्या पोलादाची मूळ ताकद राहत नाही, आणि हा भाग चालत्या गाडीत तुटला तर हातातलं स्टिअरिंग नुसतं फिरत राहतं. नवा भागच बसवा. एंडच्या नटात स्प्लिट पिन असते. तिच्या जागी तार किंवा खिळा घालून काम भागवलेलं अनेकदा दिसतं. नियम ९८ मध्ये बॉल जॉइंटना रबरी टोपी आणि नट-बोल्टना पक्की अडकण या दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत. काम झाल्यावर पिन आणि टोपी आपल्या डोळ्यांनी बघून मगच पैसे द्या.

एंड, टाय रॉड किंवा सस्पेन्शनचा भाग बदलला की अलाइनमेंट करावीच लागते. एरवी साधारण दहा हजार किलोमीटरला, आणि मोठ्या खड्ड्यात किंवा दुभाजकावर चाक आपटल्यावर लगेच. अलाइनमेंटच्या आधी प्ले काढून घ्या, कारण सैल सांध्यांवर केलेली अलाइनमेंट टिकत नाही. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहत असेल तर पैसे देण्याआधीच सांगा.

स्टिअरिंगवर एअरबॅगची खूण असेल तर तिथे काही चिकटवू नका. शोभेसाठी लहान स्टिअरिंग लावू नका. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. ती सेकंदाच्या लहानशा अंशात फुगते, म्हणून छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. घसरणारं जाड कव्हरही नको. उन्हाळ्यात घामेजल्या हाताखाली ते फिरतं आणि ऐन वेळी पकड सुटते.

हात कुठे, नजर कुठे

घड्याळात पावणेतीन वाजले की काटे जसे असतात, तसे हात स्टिअरिंगवर ठेवा. पूर्वी दहा वाजून दहा मिनिटांची पद्धत शिकवत. एअरबॅग आल्यापासून हात थोडे खाली ठेवणं सुरक्षित मानलं जातं. एका हाताने, कोपर खिडकीवर टेकवून चालवण्यात आराम वाटतो, पण अचानक खड्डा आला तर त्या एका हाताला स्टिअरिंग आवरत नाही.

गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवू नका. गाडी किंचित सरकत असताना फिरवा, म्हणजे टायर, सांधे आणि पंप तिघांवरचा ताण कमी होतो. टोकापर्यंत वळवल्यावर तिथे काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. तेलाचा पंप तेव्हा पूर्ण दाबाखाली असतो आणि ओरडायला लागतो.

रस्त्यावर मेंढरांचा कळप आला तर झटका देऊन गाडी वळवू नका. आधी सरळ रेषेत ब्रेक लावा, वेग उतरवा, मग वळा. एकाच वेळी जोरात ब्रेक आणि जोरात वळण मागितलं की टायरची पकड दोन्हीकडे अपुरी पडते. मुरमावर किंवा सांडलेल्या खडीवर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जात असेल तर आणखी फिरवू नका. ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग थोडं मागे आणा. चाकांनी जमीन धरली की मगच वळवा.

पुढचा टायर फुटला तर गाडी त्या बाजूला जोरात ओढते. अशा वेळी करकचून ब्रेक मारण्याचा मोह होतो, तो टाळा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, वेग आपोआप पडू द्या आणि मग कडेला घ्या.

भार कुठे ठेवता, त्यावर स्टिअरिंग ठरतं

पुढच्या चाकांवर वजन असेल तरच ती गाडी वळवू शकतात. पिकअपमध्ये माल मागच्या आसाच्या पलीकडे लादला की पुढची बाजू हलकी होते, आणि स्टिअरिंग सुखद वाटावं इतकं हलकं लागतं. ते लक्षण धोक्याचं आहे. क्रेट पुढून मागे लावत या, जड माल पुढे ठेवा. शेळ्या-मेंढ्या चढावर मागे सरकतात आणि वळणावर एका अंगाला दाटतात, म्हणून हौद्यात मधे आडवी फळी बांधून दोन-तीन कप्पे करा. जनावरांनाही त्याने आधार मिळतो.

ट्रॅक्टरवाल्यांनी हे जास्त जपावं. उसाची ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, कधी उचललीही जातात. पुढे वजनं लावलेली असली पाहिजेत, आणि ट्रॉली ठरलेल्या खालच्या हुकालाच जोडलेली असली पाहिजे. शेतात वळण्यासाठी ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. डांबरी रस्त्यावर चढण्याआधी दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडा. वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गरकन वळून उलटतो. एका हाताने भराभर फिरवण्यासाठी स्टिअरिंगवर लावलेली मूठ शेतात सोयीची असली, तरी रस्त्यावरच्या धक्क्याने स्टिअरिंग उसळलं तर तीच मूठ बोटं मोडते.

लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती वळणाच्या आतून जातात. एसटी असो वा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, चालकाला वळण मोठं घ्यावंच लागतं. मोटारसायकलवाल्यांनी हे ध्यानात ठेवून वळणाऱ्या मोठ्या गाडीच्या आतल्या बाजूला कधीही शिरू नये. तिथे जागा दिसते, पण पुढच्या काही सेकंदांत मागची चाकं त्याच जागेवर येतात.

जुनी गाडी घेताना

आधी पुढच्या टायरांची झीज बघा. एकाच कडेला झीज असेल किंवा हात फिरवल्यावर एका दिशेने करवतीसारखी लागत असेल, तर अलाइनमेंट बिघडलेली आहे आणि कदाचित गाडी ठोकलेलीही आहे. टाय रॉडवर वेल्डिंगचा व्रण आहे का, दोन्ही बाजूंचे एंड सारखेच जुने आहेत का, हे बघा. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. दोन्हीकडे ते सारख्याच सहजतेने गेलं पाहिजे, मधे कुठे अडकता कामा नये. मोकळ्या सरळ रस्त्यावर चालवा, सावकाश ब्रेक मारा, वळणानंतर स्टिअरिंग परत येतं का बघा. मालवाहू गाडी असेल तर फिटनेस प्रमाणपत्राची तारीख वाचा, पण तपासणी आपली आपण करा. प्रमाणपत्र त्या दिवसापुरतं खरं असतं.

मालक आणि ड्रायव्हर

आपल्याकडे अनेक गाड्यांचा मालक एक आणि चालवणारा दुसरा असतो. स्टिअरिंगचा दोष कळतो ड्रायव्हरच्या हाताला आणि दुरुस्तीचा पैसा असतो मालकाच्या खिशात. ड्रायव्हर सांगतो, ‘मालक, स्टेरिंग जड लागतंय,’ आणि उत्तर येतं, ‘एवढा हंगाम जाऊ दे, मग बघू.’ हंगामातच गाडीवर सर्वांत जास्त भार असतो, रात्रीच्या फेऱ्या असतात, झोप अपुरी असते. दुरुस्ती पुढे ढकलायला याहून वाईट काळ नाही. एंड बदलणं आणि अलाइनमेंट हा मोठ्या खर्चाचा भाग नाही. एका टायरच्या किमतीशी तुलना केली तरी हे पटेल.

म्हणून मालकांनी गाडीत एक वही ठेवावी. ड्रायव्हरने जड, सैल, ओढ, थरथर यांपैकी जे जाणवेल ते तारखेसह लिहावं. सैलपणा किंवा फडफड लिहिली गेली की गाडी त्याच दिवशी भार न घेता गॅरेजला जावी, बाकीच्या खुणांना आठवड्याची मुदत पुरे. ड्रायव्हरनेही संकोच सोडून ठाम सांगावं, कारण मागे बसलेल्या माणसांच्या वतीने बोलणारा त्या क्षणी तोच एकटा असतो.